इंजिनातील पाण्याचा कारभार

शर्यतीच्या मार्गावर धावणाऱ्या मोटारीच्या इंजिनात पाणी कोणी फिरवावे, क्रँकशाफ्टवरून निघालेल्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाने की बॅटरीवर पोसलेल्या स्वतंत्र विद्युत्पंपाने, हा प्रश्न छंद म्हणून शर्यती करणारे लोक आज ज्या तातडीने एकमेकांना विचारतात, ती पाहता तो अगदी अलीकडचा असावा असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्याचे मूळ मोटारीच्या जन्माइतकेच जुने आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोक पंप हवा की नको असे विचारीत, आज कोणता पंप हवा असे विचारतात, इतकाच फरक. दोन्ही पृच्छांच्या बुडाशी वाद एकच आहे: इंजिनातील पाण्याने हुकूम कोणाचा मानावा, इंजिनाच्या उष्णतेचा की इंजिनाच्या गतीचा? या वादाचा निकाल निरनिराळ्या काळी निरनिराळा लागला, आणि त्या त्या काळच्या मोटारीला कोणते काम पडत होते हे पाहिल्यावाचून त्या निकालांचे मर्म कळत नाही.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उपयोगी काम करते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ही तिसरी वाटणी वेळच्या वेळी बाहेर काढली नाही तर तेल जळते, हेड वाकते, पिस्टन जागच्या जागी अडकतो. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तिचे इंजिन पाऊण अश्वशक्तीचे होते आणि तिच्यातील व्यवस्था अत्यंत साधी होती. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळे, त्याची वाफ होऊन हवेत जाई, आणि जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांवर, गेल्या. इंधनासाठी वीसलोखच्या औषधविक्रेत्याकडे त्यांना थांबावे लागले ही गोष्ट सर्वश्रुत आहे, पण पाण्यासाठी त्यांना वाटेत वारंवार थांबावे लागले, याची आठवण तितक्या अगत्याने ठेवली जात नाही. ज्या गाडीचे पाणी परत येत नाही, तिचा पल्ला वाटेवरच्या विहिरी आणि ओढे ठरवितात.

पाणी परत आणण्याची खरी तजवीज विल्हेल्म मायबाख यांनी केली. डाइमलर कारखान्यात, त्या गाड्यांचे विक्रेते एमिल येलिनेक यांच्या आग्रहावरून त्यांनी १९०० साली जी पस्तीस अश्वशक्तीची गाडी सिद्ध केली आणि जिला येलिनेक यांनी आपल्या मुलीचे, मर्सिडिज हे नाव दिले, तिच्या अग्रभागी मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे दिसणारा एक नवा रेडिएटर होता. सहा मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी अशा ८,०७० नळ्या एकत्र डाखून तो केलेला होता. नळ्यांतून वारा जाई, त्यांच्या बारीक फटींतून पाणी जाई, आणि मागे बसविलेला पंखा गाडी हळू चालली असतानाही वारा ओढीत राही. पूर्वीच्या गाडीला जेथे अठरा लिटर पाणी लागे तेथे या गाडीला नऊ लिटर पुरे झाले. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने जो पराक्रम केला त्याचे श्रेय लोक तिच्या कमी उंचीला आणि हलक्या इंजिनाला देतात, व ते योग्यच आहे. परंतु निम्मे पाणी बाळगून अधिक श्रम करण्याचे सामर्थ्य तिला या रेडिएटरने दिले, आणि अशा अरुंद फटींतून पाणी ढकलण्यास पंपाचे बळ हवे, ही जाणीवही त्याच सुमारास रुजली.

तथापि पंपाचा अंमल लगोलग सर्वत्र बसला असे मात्र झाले नाही. त्या काळचे पंप दातेरी चक्रांवर चालत, दंडाभोवती दोरीचे वेष्टण आवळून पाणी अडवीत, आणि ते वेष्टण झिजताच गळू लागत. शिवाय पंप बंद पडला तर गाडी बंद पडे. म्हणून अनेक कुशल कारखानदारांनी थर्मोसायफनचा मार्ग पत्करला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड झालेले जड होऊन खाली उतरते, एवढ्या एका नैसर्गिक नियमावर ही पद्धत उभी आहे. तीत फिरणारा भाग एकही नाही, म्हणून मोडण्यासारखेही काही नाही. फ्रान्समधील रेनॉ कंपनीचा तिच्यावर दीर्घकाळ विश्वास होता, आणि त्या कंपनीच्या गाड्यांचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असे. १९०६ च्या जूनमध्ये ल माँ येथे झालेल्या फ्रान्सच्या पहिल्या ग्राँ प्रीत फेरेन्त्स सिस याने दोन दिवसांत १,२०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून विजय मिळविला, तो रेडिएटर मागे असलेल्या रेनॉ गाडीतूनच. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली मॉडेल टी बाजारात आणली तेव्हा पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. पुढे तो काढून टाकण्यात आला, आणि त्यानंतर १९२७ पर्यंत निघालेल्या दीड कोटी गाड्या थर्मोसायफनवर चालल्या.

थर्मोसायफनचा एक गुण असा आहे की त्यात पाणी केवळ उष्णतेचा हुकूम मानते. इंजिन जितके तापेल तितके पाणी वेगाने फिरते, थंड असेल तर ते जवळजवळ स्थिर राहते. म्हणजे आजचा विद्युत्पंप आणि त्याचा नियंत्रक मिळून जे साधू पाहतात ते येथे निसर्ग फुकट करून देत होता. परंतु हा सेवक जितका प्रामाणिक तितकाच अशक्त होता. रेडिएटर उंच पाहिजे, नळ्या रुंद पाहिजेत, पाणी भरपूर पाहिजे, आणि पाण्याची पातळी वरच्या नळीखाली गेली की अभिसरण तत्क्षणी थांबते. चढणीवर मॉडेल टीची वाफ निघणे ही नित्याची गोष्ट होती, आणि मूळ गाडीला नसलेला पंप बाजारातून विकत घेऊन बसविणारे मालक अमेरिकेत गावोगाव होते. इंजिनाची शक्ती वाढत गेली आणि बॉनेट खाली येत गेले, तसा थर्मोसायफनचा अंमल आपोआप संपुष्टात आला.

त्याची जागा ज्या पंपाने घेतली तो काही मोटारीसाठी नव्याने शोधलेला नव्हता. पाण्याला चक्राच्या मध्यातून आत घ्यावे आणि फिरत्या पात्यांनी परिघाकडे फेकावे ही युक्ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत, हेसच्या राजाश्रयाने राहणाऱ्या देनी पापँ या फ्रेंच पंडिताने अमलात आणली होती. आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड याने पाती सरळ न ठेवता वक्र ठेविली असता तोच पंप किती अधिक काम करतो हे परीक्षकांसमोर सिद्ध करून दाखविले. वक्र पात्यांच्या पंपाने दिलेल्या शक्तीपैकी ६८ टक्के पाण्यात उतरविली. सरळ पात्यांच्या पंपाला २४ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. आश्चर्याची गोष्ट अशी की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कित्येक मोटारींच्या पंपांत पत्र्याची सरळ पातीच बसविलेली आढळतात. स्वस्ताईने शास्त्रावर मिळविलेला हा विजय खेदजनक आहे, आणि शर्यतीच्या गाडीचा पंप निवडणाऱ्याने पट्टा की वीज हा विचार करण्यापूर्वी पंप उघडून त्याची पाती पाहावीत असे मला मनापासून वाटते.

१९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत पंप आणि पंखा एकाच दंडावर होते, आणि तो दंड व डायनॅमो दोन्ही एकाच रबरी पट्ट्याच्या ताब्यात होते. पुढे पाऊणशे वर्षे जगातील बहुतेक मोटारींत हीच घटना कायम राहिली. इंजिन फिरले की पट्टा फिरणार, पट्टा फिरला की पाणी फिरणार. मध्ये कोणाची विचारपूस नाही, कोणाची परवानगी नाही. हा पंप वतनदारासारखा आहे: साल सुकाळाचे असो की दुष्काळाचे, आपला ठरलेला हिस्सा तो घेणार, आणि आपले ठरलेले काम तो करणार. त्याचा हिस्साही लहान नसतो. या जातीच्या पंपाचा नियम असा, की गती दुप्पट केली तर पाणी दुप्पट होते, दाब चौपट होतो, आणि खर्ची पडणारी शक्ती आठपट होते. इंजिन मंद फिरत असताना जो पंप जेमतेम पुरा पडतो, तोच शर्यतीत सहा-सात हजार फेऱ्यांवर गरजेच्या कित्येक पट पाणी ढकलण्यासाठी शक्ती उधळीत असतो.

या उधळपट्टीचा पहिला मोठा अनुभव दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना आला. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाच्या आवाक्यातले आठ सिलिंडरांचे इंजिन बाजारात आणले. ते स्वस्त होते, जोरकस होते, आणि तापटही होते, कारण त्यात धूर बाहेर नेणारे मार्ग पाण्याच्या कप्प्यांमधूनच गेलेले होते. त्याला दोन पंप होते, पण प्रारंभी ते वर, हेडच्या मुखाशी बसविलेले असल्यामुळे तापलेले पाणी ओढून घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. उकळण्याच्या बेतात असलेले पाणी ओढू लागले की पंपाच्या तोंडी वाफेचे बुडबुडे होतात आणि पाती पाण्याऐवजी वाफ कापू लागतात. १९३७ साली कंपनीने हे पंप खाली, ब्लॉकच्या अग्रभागी आणले व थंड पाणी आत ढकलण्याचे काम त्यांना दिले. म्यूरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर या इंजिनांच्या गाड्या ताशी शंभर मैलांपलीकडे हाकणाऱ्या तरुणांनी मात्र आपला वेगळाच उपाय योजिला: पंपाच्या चक्रातील एकाआड एक पाते त्यांनी कापून टाकले. इंजिन थंड राहिले. त्यावरून त्यांनी असा सिद्धांत काढला की पाणी फार वेगाने गेले तर त्याला उष्णता घेण्यास अवसर मिळत नाही, म्हणून पाणी सावकाश फिरवावे.

हा सिद्धांत चुकीचा आहे, आणि तो आजही अनेकांच्या तोंडी ऐकू येतो म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. पाणी जितके अधिक फिरेल तितकी उष्णता अधिक निघते, हाच नियम. पाती कापल्याने जे साधले त्याचे कारण निराळे होते. पंपाचा जोर अनावर झाला की त्या काळच्या दाबरहित रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाणी साचे आणि सांडनळीवाटे रस्त्यावर जाई. शिवाय पात्यांशी वाफेचे बुडबुडे होऊन पंप पोकळ फिरू लागे. पाती कमी झाल्याने पाणी टाकीतच राहिले आणि बुडबुडे थांबले, एवढेच. अनुभव खरा, कार्यकारणभाव खोटा. पट्ट्यावरच्या पंपाला शर्यतीच्या गतीशी जुळवून घेण्याचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे त्याची पुली मोठी करणे, म्हणजे इंजिनाची गती तीच राहून पंप सावकाश फिरतो. आणि रेडिएटरचे झाकण दाबाचे ठेवणे, म्हणजे पाणी शंभर अंशांच्या बरेच वर जाईपर्यंत उकळत नाही.

उलट दिशेचा दोष घाटांनी शिकविला. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत गाड्यांना खुला झालेला बोरघाटाचा रस्ता पुढे मोटारींच्या वाट्याला आला, आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर खंडाळ्याच्या चढणीला वाफ सोडीत उभी असलेली गाडी हे दृश्य कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. तेथे जुने ड्रायव्हर नवख्याला बजावून सांगत, की गाडी तापली तर लगेच बंद करू नको, गियर काढून थोडी चालू ठेव. यामागील विचार अचूक आहे. इंजिन थांबले की पट्टा थांबतो, पट्टा थांबला की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात. पण हेडच्या धातूत साठलेली उष्णता मात्र थांबत नाही, ती स्थिर पाण्यात उतरतच राहते, आणि धावताना न उकळलेले पाणी थांबल्यावर उकळते. शर्यत संपवून आलेल्या गाडीचीही नेमकी हीच अवस्था असते. वतनदाराच्या कारभारात वतनापलीकडच्या कामाला माणूस नाही, ही उणीव येथे उघडी पडते.

ती उणीव भरून काढण्यासाठीच शर्यतीच्या जगात विजेचा प्रवेश झाला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ज्या संस्थेच्या द्वारे अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींना शिस्त लावली, त्या शर्यती परंपरेने पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरांच्या असतात. काही सेकंदांचा तो खेळ, आणि एका फेरीनंतर दुसरीसाठी थोड्याच अवधीत पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. अशा गाडीला धावताना पाणी फिरले काय, न फिरले काय, फारसे बिघडत नाही; धावल्यावर, इंजिन बंद असताना, ते फिरणे हे सर्वस्व असते. म्हणून तेथील लोकांनी प्रथम मूळचा पंप तसाच ठेवून त्याच्या शेजारी बारा व्होल्टची लहान मोटर बसविली आणि तिच्यापासून पंपापर्यंत एक छोटा पट्टा नेला. इंजिनाचा पट्टा गेला, मोटरचा आला, पंप तोच. पुढे मोटर आणि पंप एकाच कवचात बसविलेले सुटसुटीत विद्युत्पंप निघाले, आणि ऑस्ट्रेलियातील डेव्हिस क्रेगसारख्या कंपन्यांनी तापमान पाहून पंपाची गती कमी-जास्त करणारे नियंत्रकही त्यांच्या जोडीला दिले.

गोल मार्गावरच्या दीर्घ शर्यतींनी मात्र हा मार्ग सहसा धरला नाही. १९६७ च्या जूनमध्ये झांडवोर्ट येथे जिम क्लार्कने ज्या इंजिनाला पहिल्याच शर्यतीत विजय मिळवून दिला, त्या कॉसवर्थ डीएफव्हीचे पाण्याचे पंप इंजिनाच्या अंगालाच, खाली दोन्ही बाजूंस होते, आणि इंजिनच ते फिरवीत असे. २००६ साली फॉर्म्युला वनमध्ये २.४ लिटरची आठ सिलिंडरांची इंजिने आली तेव्हा नियमावलीत स्पष्ट कलम होते, की इंधनाचे विद्युत्पंप वगळता इंजिनाची सर्व उपांगे क्रँकशाफ्टच्या गतीशी ठराविक प्रमाणात, यांत्रिक रीतीनेच चालविली पाहिजेत. असे कलम नसते तरी त्या इंजिनांची निवड फार वेगळी झाली असती असे मला वाटत नाही. जे इंजिन दीड तास सतत उच्च गतीवर राहते, त्याच्या बाबतीत गती आणि उष्णता या दोन धन्यांचे हुकूम बहुतांशी एकच असतात. तेव्हा गतीचा हुकूम मानणारा पंप पुष्कळसा उष्णतेचाही हुकूम मानतो.

रस्त्यावरच्या गाडीचे आयुष्य याच्या अगदी उलट, सिग्नलला थांबण्यात आणि सावकाश चालण्यात जाते, आणि म्हणूनच विद्युत्पंपाचा मोठा विजय रस्त्यावर झाला. बीएमडब्ल्यू कंपनीने २००४ साली आपल्या सहा सिलिंडरांच्या नव्या इंजिनाला पट्ट्याऐवजी विजेचा पंप दिला. त्याला सुमारे २०० वॅट शक्ती पुरते, पट्ट्यावरच्या पंपाला दोन किलोवॅटपर्यंत लागते, असे आकडे तेव्हा मांडले गेले. २००९ साली आलेल्या टोयोटाच्या तिसऱ्या पिढीतील प्रियसच्या इंजिनावर तर उपांगांचा एकही पट्टा राहिला नाही.

या आकड्यांनी शर्यतवाल्यांचे डोळे दिपणे समजण्यासारखे आहे, परंतु जमाखर्च पुरा मांडला पाहिजे. दोन किलोवॅटचा आकडा उच्च गतीवरचा आहे आणि तितक्या शक्तीने फिरणारे पाणीही तितकेच अधिक आहे. दोनशे वॅटसाठी बॅटरीतून सुमारे पंधरा अँपिअर प्रवाह जातो. तो अल्टरनेटर भरून काढतो, आणि साधा अल्टरनेटर घेतलेल्या शक्तीपैकी साठेक टक्केच विजेत उतरवीत असल्यामुळे क्रँकशाफ्टकडून तीनशेहून अधिक वॅट घेतले जातात. अल्टरनेटरही पट्ट्यावरच चालतो. पट्टा तुटला तर विद्युत्पंप बॅटरी संपेपर्यंत पाणी फिरवील, हा त्याचा लाभ खरा. पण पट्ट्यापासून सर्वस्वी मुक्ती मिळाली असे कोणी समजू नये. बाजारातील विद्युत्पंपांवर मिनिटाला ८०, ११५ किंवा १५० लिटर असे जे प्रमाण लिहिलेले असते, ते नळ्यांचा अडथळा नसताना मोजलेले असते; इंजिनाच्या अरुंद मार्गांतून आणि रेडिएटरमधून जाताना त्यात पुष्कळ घट येते. याहून सूक्ष्म गोष्ट दाबाची. वेगाने फिरणारा पट्ट्यावरचा पंप ब्लॉकच्या आत जो जादा दाब निर्माण करतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या अतितप्त जागी वाफेचे थर धरत नाहीत. दुर्बल विद्युत्पंपाच्या गाडीत काटा सुरक्षित तापमान दाखवीत असतानाही त्या जागी धातू करपू शकतो.

बिघाडाची रीतही दोघांची भिन्न आहे. पट्ट्यावरच्या पंपाच्या कवचाला खालून एक बारीक छिद्र ठेवलेले असते; आतले सील झिजले की तेथून थेंब पडू लागतात, बेअरिंग गेले की ते कुरकुरते, पट्टा सैल झाला की किंचाळतो. म्हणजे हा जुना नोकर आजारी पडण्यापूर्वी वर्दी देतो. विद्युत्पंप एका क्षणी चालू असतो आणि दुसऱ्या क्षणी बंद. एखादा फ्यूज, एखादा सुटलेला जोड पुरे होतो, आणि शर्यतीच्या कोलाहलात चालकाला त्याचा पत्ता लागेपर्यंत हेड गॅस्केट गेलेले असते.

तेव्हा ज्याची गाडी पाव मैलाची आहे, किंवा टेकडीवरच्या चढाईच्या स्पर्धेसारखी दोन मिनिटे धावून तासभर उभी राहणारी आहे, त्याने विद्युत्पंप निःशंकपणे घ्यावा. ज्याची गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या कारी यांसारख्या मार्गावर वीस-वीस मिनिटे उच्च गतीवर राहणार आहे, त्याने चांगल्या वक्र पात्यांचा यांत्रिक पंप, योग्य मापाची मोठी पुली, नवा पट्टा आणि दाबाचे झाकण यांवर पैसा खर्च करावा, आणि धावल्यावरच्या उष्णतेसाठी एक लहान साहाय्यक विद्युत्पंप जोडावा. ऐंशीच्या दशकात टर्बोचार्जर असलेल्या कित्येक जर्मन गाड्यांत इंजिन थांबल्यावर पाणी फिरवीत ठेवण्यासाठी असाच लहान पंप कारखान्यातूनच बसवून येई. सर्वस्वी विजेवरच जावयाचे असेल तर अल्टरनेटर मोठा घ्यावा, पंपाची तार वेगळ्या फ्यूजवरून न्यावी, पंपाच्या पुढे दाबाचा सेन्सर बसवून त्याचा लाल दिवा चालकाच्या थेट नजरेसमोर ठेवावा, आणि तापमानाचा सेन्सर हेडमध्येच बसवावा, नळीत नव्हे. कारण पाणी थांबले की नळीतला सेन्सर थंडच राहतो.